स्वमग्न मूल आणि उपचारांची निवड

दिल्ली आणि तिच्या भोवती पसरलेली गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद ही नगरे यांत आज उपचारकेंद्रांची वाण राहिलेली नाही. वस्त्यावस्त्यांतून, बाजारांच्या वरच्या मजल्यांवर 'थेरपी सेंटर' अशा पाट्या झळकताना दिसतात. ज्या कुटुंबाला आपले अडीच-तीन वर्षांचे मूल स्वमग्न असल्याचे नुकतेच सांगण्यात आले आहे, त्याला मात्र या पाट्या आधारापेक्षा कोडेच अधिक वाटतात. एक जण सांगतो, आठवड्याला चाळीस तास शिकवा, नाहीतर वेळ निघून जाईल. दुसरा म्हणतो, मुलाला झोपाळ्यावर बसवा, अंगाला ब्रश चोळा, इंद्रिये शांत झाली की वाचा आपोआप फुटेल. तिसरा गहू आणि दूध बंद करावयास सांगतो, तर चौथा पेशींच्या इंजेक्शनाचा दर लाखांत सांगतो. प्रत्येकाच्या बोलण्यात सारखीच खात्री असते. आणि घरी आजी म्हणत असते की, याचे वडीलही उशिराच बोलले होते, होईल हळूहळू! या साऱ्या आवाजांतून वाट काढावयाची ती, ज्यांनी आयुष्यात प्रथमच हा शब्द ऐकला आहे, अशा दोन तरुण माणसांनी.

स्वमग्नता हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. हिंदीत तिला स्वलीनता म्हणतात. दोन्ही शब्दांतून मूल स्वतःमध्येच बुडून गेले आहे असा अर्थ ध्वनित होतो, आणि तो सर्वस्वी खरा नाही. स्वमग्न मुलाला माणसे नकोशी असतात असे नव्हे. माणसांचे संकेत, म्हणजे नजर, हातवारे, आवाजातील चढउतार, हे इतर मुलांना न शिकवता कळतात. त्याला ते तसे कळत नाहीत. आवाज, उजेड, स्पर्श हे कधी फार तीव्र, तर कधी फार मंद जाणवतात. ठरलेल्या क्रमात त्याला निर्धास्त वाटते आणि क्रम मोडला की त्याचा धीर सुटतो. काही स्वमग्न मुले अस्खलित बोलतात, काही जन्मभर बोलत नाहीत. काहींची बुद्धी अत्यंत तल्लख असते, तर काहींना अंगावरचे कपडे घालण्यासही मदत लागते. एकाच नावाखाली इतकी भिन्न मुले येतात ही गोष्ट निवड करताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावयास हवी. शेजारच्या मुलाला ज्याने गुण आला त्यानेच आपल्याही मुलाला येईल, हा हिशेब येथे बहुधा चुकतो.

बाल्टिमोरमधील बालमानसरोगतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. त्यानंतरची दोन-अडीच दशके मातांच्या दृष्टीने वाईट गेली. आईच्या थंड, कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, ही उपपत्ती पाश्चात्त्य विद्वानांत प्रतिष्ठित झाली होती. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ साली ग्रंथ लिहून तिला पहिला मोठा धक्का दिला. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता असून तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज निर्विवाद आहे. ती जुनी उपपत्ती शास्त्रातून गेली. घराघरांतून अद्याप पुरती गेलेली नाही. 'तू नोकरी करतेस म्हणून', 'मुलाला मोबाईल दिलास म्हणून' असे शब्द सुनेला आजही ऐकावे लागतात. याचा उपचारांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. स्वतःला दोषी मानणारी आई प्रत्येक नव्या उपचाराला होकार देते, कारण नकार देणे म्हणजे पुन्हा एकदा चुकणे असे तिला वाटते. बाजार नेमका याच भावनेवर चालतो.

निवडीपूर्वी निदान हवे, आणि निदानापूर्वी कानांची तपासणी. हाकेला ओ न देणारे मूल बहिरेही असू शकते. म्हणून 'बेरा' नावाची श्रवणचाचणी आधी करून घेणे हा शहाणपणाचा क्रम होय. मेंदूची महागडी छायाचित्रे सरसकट काढण्याची आवश्यकता नसते. झटके येत असतील किंवा शरीरात अन्य काही वेगळे लक्षण दिसत असेल, तर गोष्ट निराळी. स्वमग्नता कोणत्याही रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. ती जाणत्या डॉक्टरला मुलाशी खेळून, त्याला न्याहाळून आणि आईवडिलांचे म्हणणे सावकाश ऐकून ओळखावी लागते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ४० कलमांची भारतीय मापनश्रेणी २००९ पासून उपलब्ध आहे आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तीच वापरतात. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा बालमज्जाविकार विभाग या कामी नावाजलेला आहे, पण तेथे रीघ मोठी. भेटीची तारीख येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असे मात्र मुळीच नाही. शंका रास्त असेल, तर मुलाशी संवाद वाढविण्याचे काम निदानाची वाट न पाहता सुरू करता येते, आणि निदान पुढे वेगळे निघाले तरी त्या कामाने मुलाचे नुकसान होत नाही.

आता मूळ प्रश्न. 'सर्वांत चांगला उपचार कोणता?' असे पालक विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याची मांडणीच वाट चुकविणारी आहे. स्वमग्नता बरी करणारा उपचार अस्तित्वात नाही. जे आहे ते शिक्षण होय, आणि शिक्षणाच्या बाबतीत विचारावयाचे ते असे की, या मुलाला येत्या सहा महिन्यांत कोणत्या गोष्टीची सर्वाधिक गरज आहे, ती कोण शिकवणार आणि शिकला की नाही हे कशावरून समजणार. एखाद्याला भूक लागल्याचे सांगता येत नाही म्हणून तो डोके आपटतो. त्याला प्रथम मागता आले पाहिजे. दुसरा रात्रभर झोपत नाही. त्याच्या घराला आधी झोप हवी आहे. तिसरा वाचतो, लिहितो, पण वर्गातील गोंगाटाने बिथरतो. या तिघांना एकच वेळापत्रक देणारे केंद्र कितीही चकचकीत असले, तरी त्याने मुलाकडे अजून पाहिलेलेच नाही असे समजावे.

चाळीस तासांची कथा कोठून आली हे समजून घेण्याजोगे आहे. लॉस एंजेलिस येथील ईवार लोवास यांनी १९८७ साली १९ मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना दोन वर्षे किंवा अधिक काळ आठवड्याला सुमारे चाळीस तास, एकास एक शिक्षक देऊन, लहान लहान तुकड्यांत वर्तन शिकविण्यात आले. त्यांपैकी ९ मुले सामान्य शाळेच्या पहिल्या इयत्तेत इतरांसारखी बसू शकली, असा लोवास यांचा दावा होता. या बातमीने पालकांत जी आशा निर्माण झाली तिची कल्पना करणे अवघड नाही. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, कोणती मुले कोणत्या गटात जावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. शिवाय दरडावणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही त्या शिकवणीत अंतर्भाव होता. चापट आता गेली आहे, आणि वर्तनाधारित शिकवणीची रूपेही पुष्कळ सौम्य झाली आहेत. मुलाच्या खेळातूनच, त्याच्या आवडीचा धागा पकडून शिकविणाऱ्या नव्या पद्धतींच्या बाजूने आज तुलनेने बरा पुरावा आहे. पण चाळीस हा आकडा मात्र जाहिरातींत जसाच्या तसा टिकून राहिला. २०२४ साली अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात तास वाढविले म्हणजे लाभ वाढतो असे दिसून आले नाही. कर्ज काढून तास विकत घेणाऱ्या पालकांना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे.

जे स्वमग्न बालक होते आणि आता प्रौढ होऊन लिहू-बोलू लागले आहेत, त्यांचीही या शिकवणीबद्दल एक तक्रार आहे, आणि ती कानाआड करण्यासारखी नाही. डोळ्याला डोळा भिडविणे, हात हलवू न देणे, टेबलाशी गप्प बसविणे यातच वर्षे गेली, असे ते सांगतात. हात हलवून मुलाला निवांत वाटत असेल आणि त्याने कोणास इजा होत नसेल, तर तो थांबविण्यात कोणाचे समाधान साधले जाते? बहुधा पाहुण्यांचे. मूल इतरांसारखे दिसू लागणे आणि मुलाला आपले म्हणणे सांगता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पैसा आणि वेळ मर्यादित असताना दुसरीची निवड करणे अधिक न्याय्य होय.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून रुजविलेला मार्ग वेगळा आहे. स्वमग्न मुलाला कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक उमगते, हे ओळखून दिवसाचा क्रम चित्रांनी मांडावयाचा, कोणते काम कोठे संपते ते दिसेल अशी व्यवस्था करावयाची, आणि आईवडिलांना मदतनीस नव्हे तर सहशिक्षक मानावयाचे, असे त्याचे सूत्र आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. भिंतीवर ओळीने लावलेली चार चित्रे, म्हणजे दात घासणे, अंघोळ, पोळी-भाजी आणि बाग, एवढ्यानेही कित्येक घरांतील सकाळची रडारड कमी झाली आहे.

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मात्र गोव्यात झाला. मँचेस्टरच्या संशोधकांनी आईवडिलांच्या द्वारे द्यावयाची एक पद्धत तयार केली होती. पालक मुलाशी खेळत असताना त्याचे थोडे चित्रीकरण करावयाचे, नंतर ते दोघांनी मिळून पाहावयाचे, आणि मुलाने कोठे बारीकसा संकेत दिला, तो आपण कोठे हेरला व कोठे हुकला, हे शोधावयाचे. आईची चूक काढणे हा हेतू नसून तिला जे साधले तेच वाढविणे हा हेतू असतो. ही पद्धत दक्षिण आशियाला जुळवून घेऊन गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर आजमावण्यात आली. गोव्यातील काम 'संगत' या संस्थेने केले. १९४७ नंतर दुरावलेल्या दोन देशांतील मातांनी एकाच प्रयोगात भाग घेतला, ही त्यातील एक सुखद नवलाई. शिकविणारे तज्ज्ञ नव्हते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे साधे आरोग्यसेवक होते आणि सहा महिन्यांत बारा भेटी ठेवलेल्या होत्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, पालक मुलाच्या कलाने अधिक वागू लागले आणि मुले आपण होऊन संवादाला अधिक वेळा सुरुवात करू लागली. सर्व बाबतींत सुधारणा झाली असे नाही. उभयतांनी एकाच वस्तूत रमण्याचा काळ उलट घटल्याचे आढळले, आणि संशोधकांनी तेही लपविले नाही. याच पद्धतीची मोठी चाचणी पुढे दिल्लीत हाती घेण्यात आली.

या प्रयोगामागील गणित साधे आहे. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाची थेरपी, म्हणजे दीड तास. मूल दिवसाला बारा तास जागे धरले, तर आठवड्याचे ८४ तास होतात. उरलेल्या साडेब्याऐंशी तासांत ते ज्यांच्या सहवासात असते, त्यांना जर बंद दाराबाहेर बाकावर बसवून ठेवले, तर दाराआड जे शिकविले जाते ते दाराआडच राहते. रोहिणीहून जसोल्याला किंवा गाझियाबादहून गुरुग्रामला जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास घालविणारी कुटुंबे दिल्लीत थोडी नाहीत. गोंगाट आणि गर्दी सोसत नसलेले मूल त्या प्रवासानेच इतके थकून जाते की, पुढील पाऊण तास त्याला शांत करण्यात जातो. अशा वेळी नामांकित परंतु दूरच्या केंद्रापेक्षा जवळचे साधे केंद्र आणि घरचा नियमित पाऊण तास अधिक फलदायी ठरतो.

दिल्लीत हा विचार फार पूर्वी एका आईने कृतीत आणला. मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या मातेने १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली, त्या काळी भारतात बहुतेक डॉक्टरांनाही या अवस्थेचा परिचय नव्हता. १९९४ मध्ये संस्थेची 'ओपन डोअर' ही शाळा निघाली. पुढे जसोला विहारात राष्ट्रीय स्वमग्नता केंद्राची वास्तू उभी राहिली. तेथे आई किंवा वडील मुलासह काही आठवडे रोज येऊन बसतात, शिकतात आणि आपल्या गावी परत जातात. लहान गावाच्या कुटुंबाला अशी एकदाच केलेली दिल्लीची वारी वर्षानुवर्षे शहरात भाड्याने राहण्यापेक्षा परवडते. सरकारी बाजूने विष्णु दिगंबर मार्गावरील पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्थेत २०२१ पासून लहान मुलांसाठी लवकर हस्तक्षेपाचे केंद्र चालू आहे. पलुसकरांच्या नावाच्या रस्त्यावर हे केंद्र असावे हे मराठी माणसाला जाताजाता सुखावून जाते.

ज्यापासून दूर राहावे त्याबद्दल फार लांबण लावण्याचे कारण नाही. मूलपेशींच्या उपचाराला स्वमग्नतेत शास्त्रीय आधार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत असा वापर प्रयोगापलीकडे अमान्य आहे आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट मत दिले. शरीरातील धातू काढून टाकण्याच्या औषधाने २००५ साली अमेरिकेत एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. गहू-दूध वर्ज्य करण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातील पोळी आणि दही काढून घेणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय. औषधे पूर्णपणे निरुपयोगी आहेत असे नव्हे. तीव्र चिडचीड, निद्रानाश, झटके यांवर ती डॉक्टरच्या सल्ल्याने द्यावी लागतात. परंतु ती त्या त्या त्रासावरची औषधे आहेत, स्वमग्नतेवरची नव्हेत.

केंद्र पाहावयास जाताना खेळण्यांपेक्षा माणसे पाहावीत. विशेष शिक्षक, वाचोपचारक किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. आईने आत बसलेले चालेल काय, मूल रडू लागले तर येथे काय करतात, तीन महिन्यांनंतर कोणती गोष्ट त्याला यावी असे ठरविले आहे आणि ते लिहून द्याल काय, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. उत्तर देणाऱ्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ समजते. 'शंभर टक्के बरा करून देतो' असे वाक्य कानी पडले, तर आगाऊ रक्कम न भरता निघून यावे.

खर्चाच्या बाजूने काही तरतुदी आहेत, पण त्या माहीत नसल्यामुळे वाया जातात. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम कायद्यात स्थान दिले, आणि २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत तिचा समावेश झाला. ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो व त्यात थेरपीचाही समावेश आहे. केंद्र सरकारी नोकरांनी, आणि दिल्लीतील मराठी कुटुंबांत ते पुष्कळ आहेत, आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अपंग अपत्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला, प्रशासकीय अडचण नसल्यास, नित्याच्या बदलीतून वगळण्याचे आदेश २०१४ मध्ये निघाले आणि त्यात स्वमग्नतेचाही समावेश करण्यात आला. नव्या गावी पुन्हा शून्यातून केंद्र, शिक्षक आणि शाळा शोधणे काय असते हे ज्याने भोगले, त्यालाच त्या कागदाचे मोल कळते.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि महाराष्ट्राबाहेरील कुटुंबांना तो फार सतावतो. घरात मराठी, शेजारी हिंदी, केंद्रात व शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही असे दिसताच 'घरी एकच भाषा बोला' असा सल्ला मिळतो, आणि ती एक भाषा बहुधा मराठी नसते. मग आई तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागते. आजी, जिला दुसरी भाषाच येत नाही, ती गप्प होते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी लांबते असे संशोधनात आढळलेले नाही. उलट, ज्या भाषेत आईला लाडही करता येतात आणि रागेही भरता येते, जीत ती न अडखळता दिवसभर बोलू शकते, तीच भाषा संवाद शिकविण्यास अधिक समर्थ असते. तेव्हा केंद्रातील शिक्षिका हिंदीत शिकवीत असेल तर शिकवू द्यावे. तिच्याकडून फक्त शब्दांची यादी मागून घ्यावी आणि घरी तेच शब्द मराठीत रोजच्या प्रसंगी वापरावेत. बोलू न शकणाऱ्या मुलाला चित्रे देऊन मागावयास शिकवितात, त्या चित्रांखाली काय लिहावे हे ठरविणे तर सर्वस्वी घरच्यांच्याच हाती आहे. वरणभात, झोका, आजोबा, नको. यांतील 'नको' हे चित्र बहुतेक तयार संचांत मागे कोठेतरी असते. ते पहिल्याच पानावर लावावे.